वाकडा म

जून महिन्यात नांदेड जिल्ह्यातल्या भोकरच्या कुठल्याही वह्या-पुस्तकांच्या दुकानात जा आणि म्हणा, "चार वर्षांचं लेकरू आहे, घरी अक्षर शिकवायचंय." दुकानदार समोर ढीग मांडतो. ठिपक्यांवरून गिरवायची पुस्तकं निघतात. अक्षरांच्या खाचा कोरलेली आणि शाई थोड्या वेळानं आपोआप उडून जाणारी ‘जादूची’ वही निघते. पुसता येणारी गुळगुळीत कार्डं, दुरेघी वही, चाररेघी वही, आणि सगळ्यांच्या तळाशी कुठंतरी पाटी. मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारी काही कुटुंबं पुण्या-मुंबईकडं आहेत. त्यांच्यापुढचा ढीग याहून मोठा असतो, कारण त्यात अमेरिकेत छापलेले हस्ताक्षराचे अभ्यासक्रमही येतात. प्रश्न मात्र दोन्हीकडं एकच: यातलं घ्यायचं काय?

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. अक्षराशी पहिली गाठ पडते ती त्याच्या बरीच आधी. अंगणवाडीचे काही तास सोडले तर तीन ते सहा या वयातलं लेकरू घरीच असतं, आणि पाटीवर पहिली रेघ ओढून घेणारं माणूस बहुतेक वेळा आई किंवा आजी असते. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळं शाळा बंद झाल्या तेव्हा मोठ्या मुलांचंही तेच झालं. म्हणजे घरी अक्षर शिकवणं ही काही शहरी हौस नाही. ते सगळीकडं चाललेलं असतं, फक्त त्याला कुणी नाव दिलेलं नसतं.

ढिगातून काय उचलायचं हे ठरवण्याआधी लेकराच्या मनगटाकडं बघावं. मोठ्या माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मलेल्या बाळाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर तिथं जवळजवळ मोकळी जागा दिसते, कारण ही आठही हाडं अजून कूर्चेची, म्हणजे कानाच्या वरच्या भागासारख्या मऊ पदार्थाची असतात. पहिल्या काही महिन्यांत त्यातली दोन हाडं एक्स-रेत उमटू लागतात. पुढची दोन साधारण दोन ते चार वर्षांच्या दरम्यान येतात, आणखी तीन चार ते सहाच्या दरम्यान. शेवटचं, वाटाण्याएवढं हाड आठ ते बारा वर्षांच्या मध्ये कधीतरी. हा क्रम इतका ठरलेला आहे की मुलाचं हाडांचं वय काढायला डॉक्टर हाताचा आणि मनगटाचाच एक्स-रे बघतात. हाडं झाली नाहीत म्हणून लिहिता येत नाही, असं सरळ गणित नाही. पण ज्या हाताकडून आपण पावशेर वजनाच्या वहीत सुबक अक्षर मागतो, तो हात अजून तयार होतोय एवढं तरी लक्षात राहावं.

हातावरचा ताबाही वरून खाली उतरत येतो. आधी खांदा, मग कोपर, मग मनगट, सगळ्यात शेवटी बोटांची टोकं. म्हणून तीन वर्षांचं पोर भिंतीवर कोळशानं झकास मोठा गोल काढतं आणि वहीत तोच गोल काढताना पेन्सिलीचं टोक मोडतं. भिंतीवर त्याचा खांदा काम करतो, वहीत आपण त्याच्याकडून बोटं मागतो. या वयात अंगणात पाण्यात बोट बुडवून फरशीवर काढलेलं हातभर अक्षर, रांगोळीचे ठिपके, शेंगा सोलणं, कणकेच्या गोळ्या वळणं, ही सगळी लिहिण्याचीच पूर्वतयारी आहे. याचं पुस्तक मिळत नाही, आणि मिळालं तरी घेऊ नये.

आता अक्षरांच्या क्रमाकडं वळू. इथं आपल्या जुन्या मास्तरांनी एक फार हुशारीची गोष्ट करून ठेवली आहे. वर्णमाला सुरू होते अ पासून आणि व्यंजनं क पासून. हा क्रम अद्भुत आहे यात शंका नाही: क, च, ट, त, प असं म्हणत गेलं की आवाज घशापासून टाळू, दात करत ओठांवर येऊन थांबतो. पण हा क्रम तोंडासाठी लावलेला आहे, हाताला त्याचा उपयोग नाही. हाताच्या दृष्टीनं अ हे भलतंच अवघड अक्षर. दोन वळणं, मध्ये आडवी रेघ, मग काना, वर शिरोरेषा. आणि व्यंजनांत पाचवा येतो ङ, जो लेकराला पुढं आयुष्यात क्वचितच लिहावा लागेल. वर्णमालेच्या क्रमानं लिहायला बसवलेल्या पोराची सुरुवातच चढावर होते.

म्हणून हातासाठी वेगळा क्रम आला: ग, म, भ, न. मराठी माणसाला हे चार वर्ण इतके पाठ आहेत की संगणकावर मराठी उमटवण्याच्या एका सुविधेचं नावच ‘गमभन’ आहे. या चौघांत काय साम्य आहे ते एकदा नीट बघा. चौघांच्याही डाव्या अंगाला छोटी गाठ आहे आणि चौघंही उजवीकडं उभ्या कान्यानं संपतात. न मध्ये गाठीपासून आडवी रेघ निघून थेट कान्याला टेकते. म मध्ये आधी एक उभी रेघ खाली येते, तळाशी गाठ होते, मग आडवी रेघ आणि काना. त्याच म च्या डोक्याशी वळण दिलं की भ. ग मध्ये आडवी रेघच नाही, गाठ आणि काना सुटे उभे राहतात. एक हालचाल हाताला बसली की चार अक्षरं हाती लागतात.

आणि या चार अक्षरांतून बाहेर काय येतं ते बघून तर थक्क व्हायला होतं. मन, नग, मग, नभ. गगन, नमन, मगन, गमन. अजून एकही मात्रा शिकवलेली नाही आणि लेकरू आकाश लिहून बसलं! आता फक्त काना द्या: मामा, नाना, नाग, भाग, मान, भान, गाभा. आठवड्याभरात चार अक्षरं आणि एक उभी रेघ एवढ्या भांडवलावर पोर घरातल्या माणसांची नावं लिहू लागतं. इंग्रजीच्या पहिल्या चार अक्षरांतून किती शब्द निघतात ते मोजून पाहावं.

यात पुढची एक सोयही लपलेली आहे. देवनागरीत ज्या अक्षराच्या शेवटी काना आहे, त्याचा काना काढला की अर्धं अक्षर तयार. ग, म, भ, न चौघांनाही हे लागू. म्हणजे ‘ग्न’, ‘म्म’, ‘न्न’ ही जोडाक्षरं वेगळी शिकवावीच लागत नाहीत, काना पुसायला शिकवलं की झालं. क आणि फ यांचा काना मध्यभागी, त्यांची फक्त शेपटी आखडते. ट, ठ, ड, ढ, द यांना मुळात काना नाही, म्हणून ते जोडताना हटून बसतात आणि पायमोड्याची किंवा एकाखाली एक बसवण्याची पाळी येते. अक्षरांची ही अशी कुळं पाडून शिकवणारं पुस्तक हाती आलं तर ते खुशाल घ्यावं. अ ते ज्ञ सरळ छापलेलं असेल तर ते वाचायला ठेवावं.

आता त्या ढिगातल्या सगळ्यात जास्त खपणाऱ्या मालाबद्दल, म्हणजे ठिपके आणि खाचा.

अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट या दोघींनी एक प्रयोग केला, तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. वाचता न येणारी, पाचेक वर्षांची मुलं घेतली. त्यांना अक्षरं तीन प्रकारे करायला लावली: काही बघून आपल्या हातानं मोकळी काढायची, काही ठिपक्यांवरून गिरवायची, काही कळफलकावर दाबायची. मग मुलांना मेंदूचं चित्र घेणाऱ्या यंत्रात झोपवून तीच अक्षरं नुसती दाखवली. मोठी माणसं वाचताना मेंदूचे जे भाग कामाला लागतात, ते भाग या चिमुरड्यांत जागे झाले ते मोकळ्या हातानं काढलेल्या अक्षरांसाठी. कळफलकावर दाबलेल्या अक्षरांनी ते काम केलं नाही, आणि गिरवलेल्या अक्षरांनीही तसं केलं नाही. गिरवताना हात तर तोच, पेन्सिल तीच, आकार तर मोकळ्या हातापेक्षा कितीतरी सुबक!

असं का व्हावं? एखाद्या ओट्यावर आजी शेंगा सोलत बसलीय आणि नातू पाटी घेऊन, असं दृश्य डोळ्यांसमोर आणा.

"काय काढायलास रे?"

"म काढायलो, आज्जी."

"ह्याला म म्हंतेत का? पाय मोडलाय की त्याचा."

"मोडू दे. मला कळायलंय."

हा मोडक्या पायाचा म काढताना त्या पोराला काय काय ठरवावं लागलं ते मोजा. उभी रेघ कुठं थांबवायची? गाठ डावीकडं की उजवीकडं? आडवी रेघ किती लांब? काना वरून खाली आणायचा की खालून वर न्यायचा? शिरोरेषा दोन्ही टोकांना पोचली का? प्रत्येक ठिकाणी त्यानं निर्णय घेतला, काही चुकले. पुढचा म वेगळ्या तऱ्हेनं वाकडा येतो, त्याच्या पुढचा आणखी वेगळा. असे पाच-पंचवीस वाकडे म डोळ्यांखालून गेल्यावर मेंदूला उमगतं की गाठ लहान-मोठी झाली, रेघ तिरकी झाली, तरी म राहतो, पण गाठीपासूनची आडवी रेघ कान्याला टेकलीच नाही तर तो म राहत नाही, ग च्या वळणावर जातो. अक्षर ओळखणं म्हणजे दुसरं काय? ठिपक्यांच्या पुस्तकात प्रत्येक म आधीच्या म सारखाच येतो. खाचांच्या वहीत तर सगळे निर्णय खाचेनं घेऊन टाकलेले असतात, लेकराचं काम फक्त पेन ढकलायचं. वरून शाईही उडून जाते, म्हणजे आपण केलेलं मागं वळून बघायची सोयसुद्धा नाही.

जेम्सबाईंनी पुढं ज्युलिया ली यांच्यासोबत केलेलं आणखी एक काम २०१६ मध्ये आलं, ते मला जास्त गमतीचं वाटतं. मुलांना अनोळखी चिन्हं शिकवायची होती. त्यात दिसून आलं की एकाच छापाच्या नमुन्यापेक्षा वेगवेगळ्या हातांनी लिहिलेले, एकमेकांपासून जरा निराळे नमुने बघितले तरी मुलांना चिन्ह चांगलं पकडता येतं. म्हणजे आजीच्या थरथरत्या हातचा म, वर्तमानपत्राच्या मथळ्यातला म, एसटीच्या पाटीवरचा म, किराणा दुकानाच्या रंगवलेल्या फळीवरचा म, हे सगळे दाखवत फिरणं हाही अभ्यासच. त्याला खर्च शून्य.

गिरवणं अगदीच टाकाऊ आहे असं मात्र कुणी समजू नये. रस्ता कुठून कुठं जातो ते दाखवायला दोन-चार वेळा गिरवून घ्यावं. मारिया मॉन्टेसरींनी खरखरीत कागदाची अक्षरं कापून मुलांना त्यांवरून बोटं फिरवायला लावली होती. १९०७ साली रोममध्ये सॅन लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी बालगृह उघडलं. तिथल्या मुलांना लिहायला असं कुणी बसवलं नव्हतं, बोटं फिरवणं आणि इतर हातखेळ तेवढे चालले होते. एके दिवशी गच्चीवर त्यांनी एका पाचेक वर्षांच्या मुलाला खडूनं धुराडं काढायला सांगितलं. त्यानं ते काढलं आणि मग ओरडून उठला की मला लिहिता येतंय, आणि फरशीवर एक शब्द लिहिला. तो शब्द होता ‘हात’. त्यानंतर ‘धुराडं’, त्यानंतर ‘छप्पर’. पाठोपाठ इतर मुलंही दारं, भिंती, जे सापडेल त्यावर लिहीत सुटली. बोटानं रस्ता कळला, पण अक्षर उमटलं ते मोकळ्या फरशीवर, ठिपक्यांविना.

हे वारं महाराष्ट्रात आणणाऱ्या ताराबाई मोडक. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम करून त्यांनी बालशिक्षण मराठी मुलखात रुजवलं, आणि पुढं अनुताई वाघांना सोबत घेऊन १९४५ पासून बोर्डीला, नंतर १९५७ पासून कोसबाडला आदिवासी पाड्यांतल्या मुलांसाठी अंगणात भरणाऱ्या बालवाड्या चालवल्या. मॉन्टेसरींची महागडी साधनं तिथं कुठून येणार? बिया, पानं, शंख-शिंपले, माती हीच साधनं झाली.

अमेरिकेत घरी शिकवणाऱ्या पालकांत ‘हँडरायटिंग विदाऊट टिअर्स’ नावाचा अभ्यासक्रम खूप चालतो. जॅन ओल्सन या बाईंनी तो तयार केला. त्यात इंग्रजीची मोठी अक्षरं लाकडाच्या चारच आकारांतून जुळवतात: लांब पट्टी, आखूड पट्टी, मोठं वळण, छोटं वळण. गमभनच्या मागची अक्कल हीच. पुढची पायरी ऐकून तर भोकरच्या आजीला हसू येईल. मोठ्यांनी छोट्या पाटीवर खडूनं अक्षर काढायचं. पोरानं ओल्या स्पंजच्या तुकड्यानं त्यावरून फिरवायचं, मग कागदाच्या बोळ्यानं ते कोरडं करायचं, आणि शेवटी स्वतः खडूनं काढायचं. पाटी, पाणी, पुसणं! आपल्याकडं दप्तरातून पाटी हद्दपार करून प्लास्टिकची कार्डं आणायची घाई चाललेली असताना तिकडं पाटी संशोधनाच्या शिक्क्यानिशी परत येते. पाटीचा गुण तिच्या खरखरीतपणात आहे. पेन्सिल अडते, त्यामुळं आपला हात कुठं आहे हे लेकराला न बघताही जाणवतं. गुळगुळीत कार्डावर पेन घसरतं आणि हाताला काहीच कळत नाही.

भोकरचं लेकरू आणखी एका बाबतीत नशीबवान आहे. त्याच्या भोवती चार-पाच लिप्या आहेत. नांदेडला हुजूर साहिबला गेलं की गुरुमुखी दिसते. भोकरहून भैंशाकडं निघालं की हद्द ओलांडताच पाट्या तेलुगू होतात. तसंच मुधोळवरून पुढं गेलं की गोदाकाठी बासरची ज्ञानसरस्वती. तिथं अक्षराभ्यासासाठी लांबलांबून आई-बाप लेकरं घेऊन येतात. मांडीवर लेकरू, पुढं पाटी, आणि मोठ्या हाताच्या मुठीत छोटा हात. वसंत पंचमीला तर पाय ठेवायला जागा नसते. तेलुगूची ती गोल गोल अक्षरं ताडपत्रावर लोखंडी टोकानं लिहिण्याच्या सवयीतून आली, असं लिपीचे अभ्यासक सांगतात: सरळ आडवी रेघ ओढली की पान शिरेवर फाटायचं. उर्दू उजवीकडून येते, आणि तिच्या नस्तालीक वळणात अक्षराची उंची-लांबी कलमाच्या टोकानं उमटणाऱ्या चौकोनी नुक्त्यांनी मोजतात. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, राजभाषा उर्दू. त्या पिढीतल्या कितीतरी मराठी माणसांचा हात शाळेत अलिफ-बे वरच बसला होता.

या सगळ्यांत देवनागरीची एक खोड आहे, ती वही निवडताना कामाला येते. इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसतं. देवनागरी अक्षर वरच्या रेघेला लटकतं. गुरुमुखीही लटकते. मोडी लिहिणारे तर आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढून घेत आणि मग हात शक्य तितका न उचलता खाली अक्षरं टांगत जात. आपण आज नेमकं उलटं करतो, आधी अक्षर आणि मग डोक्यावर रेघ. चार वर्षांच्या पोराला सकाळी चाररेघी वहीत इंग्रजी ‘बसवायला’ आणि संध्याकाळी दुरेघीत मराठी ‘टांगायला’ सांगितलं तर त्याचा गोंधळ होणारच. माझं मत विचाराल तर दोन लिप्यांमध्ये काही महिन्यांचं अंतर ठेवावं. शाळा ऐकत नसेल तर निदान घरी एकच चालू ठेवावी.

उलटी अक्षरं आली म्हणूनही घाबरू नये. गाय डावीकडं तोंड करून उभी असो की उजवीकडं, ती गायच, असं मेंदू जन्मापासून धरून चाललेला असतो. अक्षरं हीच पहिली वस्तू, जिथं तोंड कुठं आहे यानं फरक पडतो. मेंदूला जुनी सवय मोडायला वेळ लागतो, सहा-सात वर्षांपर्यंत आरशातला ३ किंवा उलटा ट येतच राहतो. डावखुऱ्या लेकराला, आणि दहातलं एखादं असतंच, पाटी किंवा वही थोडी उजवीकडं कलती ठेवून द्यावी, म्हणजे लिहिलेलं स्वतःच्याच हातानं झाकलं जात नाही. हात बदलायला लावू नये.

उरला कित्ता. कित्त्याची कल्पना चांगली, मांडणी वाईट. वर एक सुंदर ओळ छापलेली आणि खाली दहा कोऱ्या. पहिल्या ओळीत पोर वरच्या नमुन्याकडं बघून लिहितं. तिसऱ्या ओळीत ते दुसऱ्या ओळीकडं, म्हणजे स्वतःच्याच चुकीकडं बघून लिहायला लागतं. दहाव्या ओळीपर्यंत अक्षर कुठल्या कुठं गेलेलं असतं आणि सराव झालेला असतो तो चुकीचा. ज्या कित्त्यात नमुना दर ओळीच्या सुरुवातीला पुन्हा छापलेला आहे, तो घ्यावा. तसा न मिळाल्यास आपणच दर ओळीत एक अक्षर काढून द्यावं, आणि तीन ओळींवर थांबावं.

अक्षराचा आकार किती असावा, याचं उत्तर आपल्याच मराठवाड्यात जन्मलेल्या एका माणसानं सतराव्या शतकात देऊन ठेवलंय. जांबच्या समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास अख्खा लेखनक्रियेला दिला आहे. बरू कसे निवडावे, ओळी एकमेकींना लागू नयेत, कागदाच्या चहूबाजूंनी जागा सोडावी म्हणजे कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही, इतक्या बारकाव्यानं. त्यात ते सांगतात की तरुणपणी फार बारीक लिहिलेलं म्हातारपणी आपल्यालाच उपयोगी पडत नाही, म्हणून मध्यम लिहिण्याची सवय करावी. त्यांचा सल्ला पोथ्या उतरवणाऱ्या मोठ्यांसाठी होता. चार वर्षांच्या हातासाठी मध्यमाच्याही वर जावं लागतं: पाटीवर एका वेळी एकच अक्षर, वहीत घ्यायचं झालं तर दोन ओळी मिळून एक. आखूड, जाड खडू किंवा पेन्सिलीचा तुकडा हाती द्यावा, कारण बोटभर तुकडा मुठीत धरताच येत नाही, तो चिमटीतच धरावा लागतो. असे तुकडे दप्तराच्या तळाशी ढिगानं सापडतात.